चौसष्ट जोड: होटगीजवळच्या एका सायडिंगच्या प्रकल्प नोंदी

२४ मार्च, सोमवार

साइट ताब्यात घेतली. होटगी जंक्शनच्या अलीकडे एका कारखान्याची खासगी सायडिंग, म्हणजे मालगाड्या आत घ्यायचा फाटा. जुने झिजलेले रूळ काढून ६० किलोचे (मीटरला ६० किलो वजनाचे) नवे रूळ आधीच टाकलेत, ते काम दुसऱ्या ठेकेदाराचं. आपल्याकडे फक्त जोड: थर्मिट वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि अल्ट्रासोनिक तपासणी, म्हणजे ध्वनिलहरी आत सोडून दोष शोधणं.

लांबी ६२४ मीटर, रूळ १३ मीटरचे. तीन रूळ जोडून ३९ मीटरचा एक तुकडा करायचा, तुकड्या-तुकड्यांमध्ये फिशप्लेट, म्हणजे बोल्टनं कसलेल्या पट्ट्या राहणार. एका रुळावर ३२ जोड, दोन्ही मिळून ६४.

कारखान्याच्या साहेबांनी विचारलं, सगळंच सलग का जोडत नाही, मेन लाइनला तर मैलोन्‌मैल जोड दिसत नाही. प्रश्न रास्त आहे. रुळाचं पोलाद दर मीटरला, दर अंशाला ०.०११५ मिलिमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण ६२४ मीटर आणि ४० अंशांचा फरक धरला तर जवळपास २९ सेंटिमीटर होतात. ते वाढू द्यायचं नसेल तर स्लीपर आणि खडीनं रूळ घट्ट धरून ठेवायला हवा, आणि धरलेला रूळ आतून जोर लावतो: ६० किलोच्या एका रुळात अंशाला साधारण १.९ टन. तीस अंशांना ५७ टन. मेन लाइनला खडीचे खांदे भरपूर असतात, डिस्ट्रेसिंग झालेलं असतं, म्हणजे रुळातला ताण मोकळा करून मग तो कसलेला असतो. इथल्या खडीत निम्मी राख आणि माती आहे. सोलापूरच्या उन्हात हा रूळ एखाद्या दुपारी सापासारखा वळला तर नाव आपलं. ३९ मीटर पुरे.

ओळखीसाठी नावं ठरवली, सगळ्यांनी हीच वापरायची. एक रूळ कंपाउंडच्या उंच भिंतीला लागून जातो, तो भिंतीकडचा. दुसऱ्याच्या पलीकडे ज्वारी काढलेलं मोकळं रान, तो रानाकडचा. जोडाच्या दोन बाजू: होटगी बाजू आणि कारखाना बाजू. ‘डावा-उजवा’ म्हणायचं नाही. मागच्या एका कामात डाव्या-उजव्यानं अर्धा दिवस खाल्ला होता.

२५ मार्च, मंगळवार

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडवरून दोन टेंपो सामान आलं. पोर्शनच्या (एका जोडापुरत्या थर्मिट मिश्रणाच्या) पिशव्या, मोल्ड म्हणजे साचे, क्रुसिबल म्हणजे मूस, ऑक्सिजन आणि एलपीजीच्या टाक्या, हायड्रॉलिक ट्रिमर, ग्राइंडर, जॉगल फिशप्लेटा (जोडाच्या फुगवट्यावरून बसणाऱ्या, आधारापुरत्या) आणि त्यांचे क्लॅम्प. दोन टोळ्या आहेत म्हणून वेल्डिंगचे दोन पूर्ण संच. संच १ आमचे जुने वेल्डर अण्णा यांच्याकडे, संच २ त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या धाकट्याकडे. दोघांकडे वेल्डरची सर्टिफिकेटं आहेत, मुदत तपासली.

पोर्शनच्या पिशवीवरचा शिक्का आणि रुळाच्या पोटावरचा (डोकं आणि पाय यांमधल्या उभ्या भागावरचा) ठसा जुळवून बघितला: ६० किलो, ८८० ग्रेड (पोलादाची प्रत), दोन टोकांत २५ मिलिमीटर गॅप. हे न बघता दुसऱ्या ग्रेडचा पोर्शन लावला तर जोड दिसायला देखणा होतो आणि चाकाखाली रुळाच्या आधी झिजतो.

पोर्शन आणि मोल्ड कारखान्याच्या एका कोरड्या खोलीत, लाकडी फळ्यांवर. जमिनीला टेकवायचे नाहीत.

उतरवताना संच २चं बर्नर स्टँड टेंपोच्या फाळक्यावरून खाली आलं. उचलून बघितलं, ठीक आहे.

२६ मार्च, बुधवार

पहिला जोड. सकाळी सात. कारखान्याचे दोन इंजिनिअर बघायला उभे होते, त्यांनी थर्मिट आधी बघितलेलं नव्हतं. त्यांना सांगितलं ते इथंही लिहून ठेवतो, कारण पुढच्या साइटवर पुन्हा कुणीतरी विचारणारच.

पिशवीत काय असतं? लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची भुकटी, शिवाय पोलादाला हवी तशी थोडी मिश्रणं. ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची हाव लोखंडापेक्षा जास्त. एकदा पेट दिला की तो लोखंडाकडचा ऑक्सिजन ओढून घेतो, त्यात इतकी उष्णता सुटते की तापमान अडीच हजार अंशांच्या जवळ जातं. खाली पातळ पोलाद, वर ॲल्युमिनियमची मळी. बाहेरून ना वीज, ना भट्टी. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८९५ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि १८९९ मध्ये एसेन गावात ट्रामचे रूळ याच रीतीनं जोडले. सव्वाशे वर्षं झाली, मूळ कृती तीच.

पण पिशवी पेटते तो भाग अर्ध्या मिनिटाचा. बाकीचा तास त्याच्या आधीचा आणि नंतरचा.

आधी रूळ स्लीपरला धरणाऱ्या क्लिपा सैल, दोन्ही टोकं वायरब्रशनं स्वच्छ. गॅप २५, जास्तीत जास्त एक मिलिमीटर इकडे-तिकडे. मग एक मीटरची सरळपट्टी लावून जोड मुद्दाम वर उचलायचा: पट्टीच्या टोकाशी २ ते २.४ मिलिमीटर फट दिसली पाहिजे. इंजिनिअरांपैकी एक म्हणाले, अहो हा तर उंच झाला. उंचच हवा. रुळाच्या डोक्यात धातू जास्त, ते शेवटी थंड होतं आणि आक्रसताना जोडाला खाली ओढतं. आज सपाट ठेवलेला जोड उद्या खड्डा असतो, आणि खड्ड्यावर प्रत्येक चाक घण घालतं.

मग मोल्ड. दोन अर्धुकं गॅपच्या बरोबर मध्यावर, कडांना ल्यूटिंगची, म्हणजे फटी बुजवायची माती. मग बर्नर स्टँडवर चढवून ऑक्सिजन-एलपीजीची ज्योत मोल्डच्या आत. साधारण अडीच मिनिटांत रुळाची टोकं ६०० अंशांवर, वीस इकडे-तिकडे. टोक पुरेसं तापलं नाही तर वरून ओतलेलं पोलाद त्याला बिलगत नाही, नुसतं शेजारी बसतं. मग क्रुसिबल वर, फुलबाजी आत. खळखळ उकळी, पांढरा उजेड, वीस-पंचवीस सेकंदांत तळाचं बूच आपोआप वितळतं आणि पोलाद खाली. मळी बाजूच्या वाट्यांत. वाट्या कोरड्या, खाली कोरडी वाळू. ओल्या जमिनीवर मळी सांडली की फटाका फुटल्यासारखी उडते, अण्णांच्या मनगटावरचा डाग त्याचाच.

चार-पाच मिनिटांनी मोल्ड फोडून ट्रिमर. लाल डोक्यावरून जादा धातू लोण्यासारखा निघतो. ग्राइंडिंग गार झाल्यावर.

आज दोनच जोड, प्रत्येक टोळीचा एक. अण्णांची टोळी भिंतीकडच्या रुळावर, धाकट्याची रानाकडच्या. दोन्ही जोडांच्या बाजूला महिना, वर्ष आणि वेल्डरचा क्रमांक ठोकला. जॉगल फिशप्लेट लावून क्लॅम्प कसले. तपासणी होईपर्यंत ते काढायचे नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

पाच आणि पाच. दुपारी दोन वाजता हवा ३९ अंश, रुळावरचा थर्मामीटर ५७.

सकाळी सातला चार जोडांचे गॅप एकदम लावून ठेवले, वेळ वाचेल म्हणून. माझीच हुशारी. अकराला बघितलं तर २५चे २३ झालेले. वीसएक अंशांना १३ मीटरचा रूळ तीन मिलिमीटर वाढतो, हे परवा साहेबांना शिकवणारा मीच. यापुढे गॅप लावला की लगेच मोल्ड.

२८ मार्च, शुक्रवार

पाच आणि पाच. एकूण २२. दुपारपासून पश्चिमेचा वारा, रानातली धूळ थेट रुळावर. मोल्ड उघडा असताना वरून पोतं झाकायचं ठरलं.

मुकादम मामा जेवताना कुर्डुवाडीच्या गोष्टी सांगत होते. त्यांचे वडील तिथल्या वर्कशॉपमध्ये. बार्शी लाइट रेल्वेची १८९७ची अडीच फुटी लाइन, वळणावर गाडी इतकी हळू व्हायची की माणूस उतरून, पाणी पिऊन पुन्हा चढायचा म्हणे. तसले रूळ दोन गडी खांद्यावर नेत असत, मामा म्हणाले. आता ६० किलोचा मीटरभर तुकडा सरकवायचा तर तोंडातून बार्शीची भाषा बाहेर पडते.

२९ मार्च, शनिवार

सकाळी तीन आणि दोन. मग रेक, म्हणजे वाघिणींची माळ आली.

वाघिणी आत घ्यायच्या म्हणून शंटिंगचा माणूस झेंडी घेऊन हजर. शेवटचा जोड ओतून तेव्हा बारा मिनिटं झाली होती. ओतल्यापासून अर्धा तास चाक जाऊ द्यायचं नाही, हा नियम आहे आणि तो कुणाच्या हौसेनं झालेला नाही. बाहेरून काळा पडलेला जोड आत अजून लाल असतो. तो म्हणाला, वाघिणी रिकाम्या आहेत, हळू नेतो. मी म्हटलं, रिकामी वाघीण वीस टनांच्या वर असते. आवाज चढले. शेवटी मामा मधे पडले, त्याला सावलीत नेलं, कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढ्यात ठेवली. अर्धा तास तसाच सरला. नियमाचं पान दाखवून जे झालं नसतं ते चटणीनं झालं.

एकूण २७: भिंतीकडे १४, रानाकडे १३.

३० मार्च, रविवार

पाडवा. सुट्टी.

३१ मार्च, सोमवार

ईद. ग्राइंडिंगचे चाचा रजेवर, त्यांच्याशिवाय डोकं घासायला मी कुणाला हात लावू देत नाही. वेल्डिंगही बंद ठेवलं. हिशेब, टाक्या बदलून आणणं, ट्रिमरचं तेल.

१ एप्रिल, मंगळवार

चाचांनी येताना डबाभर शीरखुर्मा आणला. सकाळी सगळे जोड घासून झाले.

दुपारी टेस्टर ताई आल्या. आधी तासभर त्यांनी एकही जोड तपासला नाही. सोबत आणलेल्या रुळाच्या तुकड्यावर, ज्याच्या डोक्यात ३ मिलिमीटरचं भोक मुद्दाम पाडलेलं असतं, प्रोब ठेवून त्या भोकाचा सिग्नल पडद्याच्या ६० टक्के उंचीवर आणला. धाकटा कुजबुजला, मशीन नवीन दिसतंय, वेळ लागतोय. ताईंनी ऐकलं. म्हणाल्या, “तराजू आधी तोलायचा असतो, मग माल.”

मग एकेक जोड. शून्य अंशाचा प्रोब डोक्यावरून सरळ खाली बघतो, पोकळी किंवा मळी अडकली असेल तर सांगतो. ७० अंशांचा तिरका बघतो, डोक्यात आणि पायाच्या दोन्ही पट्ट्यांवर. ४५ अंशांचा डोक्यावरून पार तळाशी जातो, पोटाखाली अर्धचंद्रासारखी चीर पडते ती शोधायला. पायाच्या पट्ट्यांना ग्रीस, हात काळे, पाठ वाकलेली. वहीत प्रत्येक जोडाला एक ओळ आणि शेवटी एक रकाना: ‘कोणती बाजू’.

संध्याकाळी सहाला निकाल. भिंतीकडचे १४ चांगले. रानाकडच्या १३ पैकी ४ नापास. पोकळी नाही, मळी नाही. पायाजवळ नवा धातू जुन्या रुळाला चिकटलेलाच नाही.

चौघांवरही धाकट्याचा क्रमांक ठोकलेला. तो काही बोलला नाही. जेवलाही नाही.

चारही जोडांवर लाल रंग. जॉगल प्लेटा होत्याच, क्लॅम्प पुन्हा कसले. कारखान्याला लेखी कळवलं: पुढची सूचना येईपर्यंत रेक माणसाच्या चालीनं, सोबत आमचा एक गडी.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी अण्णा, धाकटा, ताई आणि मी रुळावरच बसलो. अण्णांचं मत ठाम: “साहेब, वारं हाय ते. भिंतीकडं आडोसा हाय, तिकडं सगळं बेस. रानाकडं ज्योत हलती, टोक तापत न्हाई.” सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, जरा जास्तच लवकर पटलं. वाऱ्यावर खापर फोडलं की कुणाच्याच अंगावर येत नाही.

ताई म्हणाल्या, “चारही जोड होटगी बाजूलाच कच्चे आहेत. वारा पश्चिमेचा, रुळाच्या आडवा. तो एकाच टोकाला का थंड करेल?” अण्णा म्हणाले, वारं मोल्डात शिरल्यावर कसं फिरतं ते मशीनला काय कळतंय. विषय तिथंच राहिला.

जुन्या पत्र्यांचा तीन बाजूंचा आडोसा केला. तो लावून रानाकडे दोन जोड, भिंतीकडे दोन. तापमान मोजायच्या पायरोमीटरवर प्रत्येक वेळी ६०० दाखवलं, मी स्वतः बघितलं.

चारनंतर आभाळ भरून आलं आणि अवकाळी. पोर्शन खोलीत होते, पण मोल्डचा एक खोका बाहेर राहिला आणि भिजला. सहा मोल्ड फोडून टाकायला लावले. वाळवून वापरू म्हणणारे होते. ओल्या मोल्डची वाफ पोलादात शिरते आणि जोडाची जाळीदार भाकरी होते, ताईंच्या वहीत आधीच पुरेशा ओळी आहेत.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी तपासणी. आडोशातल्या दोनपैकी एक नापास. पुन्हा होटगी बाजू.

म्हणजे वारा नाही. किंवा नुसता वारा नाही.

आता उरलं काय? पोर्शन दोन्ही टोळ्यांना एकाच लॉटचे. रूळ एकाच ठेवणीतले. माणूस वेगळा, संच वेगळा, जागा वेगळी, आणि आपण पहिल्या दिवसापासून तिन्ही एकत्र बांधून ठेवलेत. धाकटा, संच २ आणि रानाकडचा रूळ. यातलं एक सुटं केल्याशिवाय काहीच कळणार नाही.

ताईंनी सुचवलं, संचांची अदलाबदल करा, माणसं तिथंच ठेवा. संच १ घेऊन धाकटा रानाकडे, पत्र्याशिवाय, भर वाऱ्यात. संच २ घेऊन अण्णा भिंतीकडे. अण्णांना राग आला. चाळीस वर्षांत माझा जोड कुणी असा तपासला न्हाई, म्हणाले. मग स्वतःच उठले आणि संच २ उचलला.

रानाकडे चार जोड. भिंतीकडे दोनच, बिघडले तर दोनच बिघडतील.

४ एप्रिल, शुक्रवार

रानाकडचे चारही चांगले. भर वाऱ्यातले, धाकट्याच्या हातचे.

भिंतीकडच्या दोनपैकी एक नापास, दुसऱ्यात बारीक सिग्नल, पास-नापासच्या काठावर. अण्णांच्या हातचे.

अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग ताईंनी वहीचा शेवटचा रकाना पुढे केला. दोन्ही जोडांपुढे लिहिलेलं: कारखाना बाजू.

बाजू उलटली होती.

मला दोन मिनिटं लागली. धाकट्याला आधी कळलं. बर्नर स्टँड रुळाला बाहेरच्या बाजूनं पकडतं. रानाकडच्या रुळावर लावताना माणूस रानात उभा, तोंड भिंतीकडे. भिंतीकडच्या रुळावर लावताना माणूस भिंतीशी, तोंड रानाकडे. म्हणजे तेच स्टँड पूर्ण उलटं फिरतं. स्टँडमध्ये एका अंगाला कल असेल तर रानाकडे तो कारखान्याच्या दिशेनं पडणार आणि भिंतीकडे होटगीच्या दिशेनं. ज्योत जिकडं झुकते ते टोक तापतं, पलीकडचं थंड राहतं. वारा काही उभ्या-उभ्या असा फिरत नाही.

स्टँड रुळावर चढवून ओळंबा सोडला. बर्नरचं टोक गॅपच्या मध्यापासून ६ मिलिमीटर बाजूला. उभ्या दांड्याच्या बुडाचा बोल्ट वाकलेला, भोक लांबट झालेलं. डोळ्याला दिसत नाही. मोल्ड मध्यावर, गॅप २५, वेळ अडीच मिनिटं, गॅसचा दाब बरोबर, सगळं नियमात, आणि ज्योत शेजारच्याच्या घरी.

मग पायरोमीटरनं ६०० कसे दाखवले? तेही निघालं. पायरोमीटर धरणारा पोरगा दर वेळी एकाच टोकावर धरायचा. रानाकडे तो कारखाना बाजूला उभा राहायचा, कारण टाक्या तिकडे असायच्या. नेमकं गरम टोक. मी शेजारी उभा राहून आकडा बघितला, कुठला आकडा ते नाही बघितलं.

संध्याकाळी वही मागे उलटली. २५ मार्च: ‘उचलून बघितलं, ठीक आहे.’ अक्षर माझं. ते स्टँड पडलं तेव्हा धाकटा म्हणाला होता, साहेब, एकदा रुळावर लावून बघू का. मी म्हटलं होतं, चालतंय की. ते मात्र वहीत लिहिलेलं नाही.

धाकट्याला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, “ते क्रमांक ठोकलेत की साहेब.” नापास जोड कापून काढायचेच आहेत, त्यांच्यासोबत तो क्रमांक जाईल, पण मला ते बोलता आलं नाही.

५ एप्रिल, शनिवार

संच २चं स्टँड बाद. शेडवरून दुसरं आणलं, रुळावर लावून, ओळंबा सोडून, दोन्ही रुळांवर उलट-सुलट तपासून मगच वापरलं. आजपासून नियम: प्रत्येक जोडाला दोन्ही टोकांचं तापमान, दोन आकडे, वहीत दोन रकाने. ओळंबा रोज सकाळी.

सात जोड झाले. सगळ्यांचे दोन्ही आकडे दहा अंशांच्या फरकात.

नापास जोडांपैकी एक कापून बाजूला नेला, जॅकखाली ठेवून मोडला. मुद्दाम, सगळ्यांसमोर. तुटलेल्या तोंडावर तीन चतुर्थांश भाग खरखरीत, दाणेदार, करडा. आणि पायाच्या एका कोपऱ्यात रुपयाच्या दोन नाण्यांएवढा गुळगुळीत, निळसर चकाकणारा पट्टा. तिथं रूळ वितळलाच नव्हता. नवं पोलाद त्याच्यावर नुसतं थापलेलं, भिंतीवर गोवरी थापावी तसं. ताई म्हणाल्या, पडद्यावर हीच रेघ होती. धाकट्यानं त्यावरून बोट फिरवलं. चाचांनीही फिरवलं.

कारखान्याच्या इंजिनिअरांना तो तुकडा दाखवला आणि कारण जसंच्या तसं सांगितलं, स्टँड पडल्यापासून. लपवून काय, अहवालात बाजू लिहिलेली आहेच. खर्च आमचा.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. सुट्टी.

७ एप्रिल, सोमवार

दहा जोड. हवा ४१.

८ एप्रिल, मंगळवार

दहा जोड. चौसष्ट पुरे झाले, त्यातले सात पुन्हा करायचे: सहा नापास आणि तो काठावरचा एक. काठावरचा नियमानं निरीक्षणाखाली ठेवता आला असता. पण कारण कळल्यावर तो तसा सोडवेना. ताईंनीही तेच सुचवलं.

संच २च्या जुन्या स्टँडवर झालेले एकूण १७ जोड. त्यातले सात जाणार, राहिलेले दहा? ताईंनी ते सगळ्या प्रोबनी पुन्हा तपासले, पायाच्या पट्ट्यांवर दुप्पट वेळ. चांगले निघाले. अण्णांचं म्हणणं, मोल्ड पहिल्यापासून गरम असताना किंवा ज्योत चार-दोन सेकंद जास्त राहिली तेव्हा थंड टोकही कसंबसं पोचलं असणार. पटण्यासारखं आहे. तरी कारखान्याला लेखी दिलं की या दहा जोडांची तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आमच्या खर्चानं, जोडांचे क्रमांक सोबत.

९ एप्रिल, बुधवार

७५ मिलिमीटरचे पोर्शन आले, एक दिवस उशिरा.

नापास जोड तसाच दुरुस्त होत नाही. वरून भर घालता येत नाही, पुन्हा तापवून चिकटवता येत नाही. जुना जोड आणि त्याच्या शेजारचा तापलेला भाग कापून काढावा लागतो, म्हणजे २५च्या जागी ७५चा गॅप. पूर्वी अशा वेळी मधे रुळाचा तुकडा घालून दोन नवे जोड करत, एका चुकीच्या जागी दोन शक्यता. रुंद गॅपमुळे जोड एकच राहतो. पोर्शन मोठा, मोल्ड मोठे, ओतल्यावरचा थांबाही जास्त. आणि सगळ्यात जिकिरीचं म्हणजे कापणी चौकोनी यायला हवी. ७५च्या गॅपमध्ये तिरकी कड डोळ्याला फसवते. गुण्या लावल्याशिवाय पुढे नाही.

तीन झाले. तिन्ही धाकट्यानं केले. पहिल्या दोघांना अण्णा शेजारी उभे होते, तिसऱ्याला चहा प्यायला निघून गेले. मुद्दाम गेले असावेत.

१० एप्रिल, गुरुवार

उरलेले चार. दोन अण्णांनी, दोन धाकट्यानं. चाचा संध्याकाळी उशिरापर्यंत घासत होते.

घासणीचं माप नोंदवून ठेवतो: एक मीटरच्या पट्टीवर जोड जास्तीत जास्त १ मिलिमीटर उंच चालतो, खोल मुळीच नाही. बाजूला अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे. दहा सेंटिमीटरच्या पट्टीवर डोक्याचा माथा ०.४ पर्यंत वर, खाली शून्य. सगळीकडे एकच कल दिसतो की उंच चालेल, खोल नको. उंच राहिलेलं नंतर घासता येतं.

एक जोड १.३ उंच होता, परत घासला.

११ एप्रिल, शुक्रवार

अंतिम तपासणी. ताईंनी सकाळी पुन्हा तो भोकाचा तुकडा काढला, पुन्हा ६० टक्के. या वेळी धाकटा शेजारी बसून बघत होता. प्रोब कसा धरायचा, ग्रीस किती, सिग्नल कुठून येतो, एकामागून एक प्रश्न. ताईंनी त्याला ७० अंशांचा प्रोब हातात दिला आणि मोडलेल्या जोडाच्या उरलेल्या तुकड्यावर ती निळी जागा पडद्यावर शोधायला लावली. चौथ्या प्रयत्नात सापडली.

६४ पैकी ६४ चांगले. जोडांना काळा रंग, पोटावर पांढऱ्या रंगानं क्रमांक आणि तपासणीची तारीख. जॉगल प्लेटा आणि क्लॅम्प काढले, मोजले, दोन क्लॅम्प कमी. मामांना रानात सापडले.

१२ एप्रिल, शनिवार

हस्तांतरण. सकाळी साडेनऊला भरलेला रेक आत आला. सगळे मधल्या तुकड्यापाशी उभे होतो. फिशप्लेटवर खटक, मग ३९ मीटर काही नाही, मग खटक. तोच शंटिंगचा माणूस होता. जाताना मामांना हात केला, चटणी विचारली.

बिलात सात पोर्शन, सहा मोल्ड आणि ताईंचे दोन जादा दिवस आपल्या नावावर. शेडच्या फळ्यावर लिहायचं: स्टँड, क्लॅम्प किंवा बर्नर पडला तर कुणीही असो, रुळावर लावून ओळंबा, आणि ‘कोणती बाजू’ हा रकाना वेल्डिंगच्या वहीतही.

वाकलेलं स्टँड भंगारात टाकायला काढलं होतं. धाकट्यानं ते टेंपोत परत चढवलं, या वेळी दोरी बांधून.